हळदीच्या दुसऱ्या दिवशीचे सात गोल

आमच्या पनवेलात फुटबॉलचा मोसम दिवाळीनंतर उघडतो. तोवर मैदानातलं पाणी आटलेलं असतं, चिखलाची ढेकळं झालेली असतात आणि खेळाडूंच्या पोटात चकल्या असतात. लीग सुरू व्हायच्या आधी एक सामना होतो. आदल्या वर्षी लीग जिंकलेला क्लब विरुद्ध चषक जिंकलेला क्लब. नियम असा असला तरी कित्येक वर्षं हे दोघे तेच आहेत. एक आमचा क्लब, जुन्या पनवेलातला, तलावाच्या काठचा. दुसरा, खारघरच्या टॉवरांच्या मधोमध उरलेल्या एका जुन्या गावाचा.

हा सामना धर्मादाय असतो. खेळ चालू असताना प्रेक्षकांतून बादली फिरते. जे जमेल त्यातून व्हीलचेअर, वॉकर, आजाऱ्याच्या पलंगाच्या गाद्या असं सामान घेऊन ते ज्याला लागेल त्याला फुकट वापरायला देतात. हल्ली बादलीवर क्यूआर कोडही चिकटवलाय. तो कधीच नीट स्कॅन होत नाही, कारण बादली हातात घेऊन फिरणारा माणूस एका जागी थांबत नाही.

मी लिहायला बसलोय ते त्या गावाच्या गोलकीपरसाठी. चार वर्षांपूर्वी या सामन्यात त्याने सात गोल खाल्ले. त्यानंतर तो खेळायचा थांबला, आणि गावात त्याला 'चाळण' म्हणू लागले. त्या सात गोलांना मी कारणीभूत आहे. आयुष्यात मी एकही गोल मारलेला नाही, त्यामुळे हे वाक्य लिहिताना आत कुठेतरी जरा बरंही वाटतं, हेही सांगून टाकतो.

दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाल्यावर क्लबने मला समितीवर घेतलं. मला खेळ कळतो म्हणून नव्हे, मला वेळ होता म्हणून. माझ्याकडे तारखेचं काम आलं. आमच्यात एक जुनी रीत आहे: मागचा सामना जो हरला त्याने पुढच्या वर्षीची तारीख आणि मैदान ठरवायचं, जो जिंकला त्याने नाश्ता द्यायचा. आम्ही तेव्हा लागोपाठ पाच वर्षं हरलो होतो. म्हणजे पाच वर्षं तारीख मी ठरवत होतो आणि त्यांचा वडापाव खात होतो. वडापाव चांगला असायचा, पण तो खाताना त्यांची माणसं ज्या मायेने "घ्या काका, आजून एक घ्या," म्हणायची, ती माया घशाखाली उतरत नसे.

हा गोलकीपर माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याचा रेती-विटांचा धंदा आहे. आमच्या गच्चीचं काम निघालं तेव्हा माल त्याच्याकडून आला आणि तेव्हापासून तो घरचा झाला. धिप्पाड माणूस, हात गुडघ्यापर्यंत. बॉल हवेतून आला की तो झाडावरचा आंबा काढावा तसा काढायचा. आमच्या पाच पराभवांत निम्मा वाटा त्या हातांचा होता.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाला तो घरी आला आणि शर्टाच्या आतून एक पत्रिका काढून माझ्या हातात ठेवली.

"काका, भाच्याचा लगीन हाय. लगनाला नाय आलात तरी चालल, पन हलदीला येवाच लागल. मी मामा हाय नवऱ्याचा."

"येणारच," मी म्हणालो.

"काकींना पन आना. आनि जेवन सातलाच सुरू व्हते, तुमच्यासारख्यांसाठी. बेंजो मागून."

तो गेल्यावर मी पत्रिका वाचली. हळद शनिवारी, लग्न रविवारी संध्याकाळी. आणि मला एकदम सुचलं. चांगली कल्पना सुचली की माणूस इकडेतिकडे बघतो, मी बघितलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत होती.

"अहो, ती पत्रिका घेऊन कुठे निघालात?"

"समितीत. मॅचची तारीख ठरवायची आहे."

"पण त्यात तर हळद शनिवारची आहे."

"हो, तेच बघतोय."

ज्यांनी या गावांतली हळद पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहरात हळद म्हणजे चार बायका, एक वाटी आणि फोटो. इथे हळद म्हणजे अख्खं गाव. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर त्याचं नाव निघतं. मांडवात बेंजोवाल्यांचा ताफा वाजतो तो उजाडेपर्यंत. आणि नवऱ्याला खांद्यावर घेऊन नाचवायचा मान मामाचा. हा मान मधेच दुसऱ्याला देता येत नाही. दिला तर लोक म्हणतात, मामा दमला. आणि मामा दमला म्हणजे बहिणीच्या माहेराची लाज गेली.

मी रविवारची सकाळ ठरवली. आठ वाजता, पनवेलच्या एका शाळेच्या मैदानावर. समितीत सांगितलं, "दुसऱ्या दिवशी मैदान मिळत नाही." मिळत होतं.

गावाकडून कोणी हू की चू केलं नाही. आमच्याकडे हळद आहे, तारीख बदला, असं सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मला हे ठाऊक होतं, आणि माझी सगळी हुशारी त्यावरच उभी होती. गोलकीपर तेवढा फोनवर हसला. "काका, तुमच्या मैदानवाल्याला पन हाच दिवस गावला? बरा हाय, नाचून नाचून अंग मोकला व्हल."

शनिवारी मी हळदीला गेलो. खोटं कशाला बोलू, जेवलोसुद्धा पोटभर. तांदळाची भाकरी आणि मटण, दोनदा. गोलकीपरने स्वतः वाढलं. त्याच्या मानेला, कानाला, कोपरापर्यंत हळद लागलेली, आणि नवरा मुलगा अजून जमिनीवरच होता. हा भाचा म्हणजे खात्यापित्या घरचा, चांगला भरलेला मुलगा. मी त्याला खालून वर नीट पाहिलं, मनात त्याचं वजन केलं, आणि समाधानाने घरी येऊन झोपलो.

सकाळी त्यांचा संघ टेम्पोतून आला. अकराच्या अकरा पिवळे. एकाच्या केसांत अक्षता होत्या. त्यांचा बचावफळीतला एक पोरगा नाणेफेकीच्या वेळी उभ्या उभ्या पेंगत होता, रेफरीने शिट्टी वाजवली तेव्हा दचकून त्याने नमस्कार केला. आणि गोलकीपर गोलमध्ये उभा राहिला तेव्हा मला दिसलं की त्याचे ते लांब हात खांद्यांच्या वर जातच नाहीत. छातीपर्यंत यायचे, थरथरायचे आणि परत खाली.

पहिला गोल आमच्या पोराने चुकून मारला. त्याला खरं तर पास द्यायचा होता, बॉल उंच उडाला आणि तरंगत तरंगत बारखालून आत गेला. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसल्यावर आपण हातातल्या पिशव्यांमुळे नुसती मान हलवतो, तशी गोलकीपरने त्या बॉलकडे बघून मान हलवली. आमच्या कोचच्या ते लक्षात आलं. तो लाइनीवरून ओरडायला लागला, "वरून टाका! वरून!" आणि आमच्या पोरांनी वरून टाकले. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. त्या दिवशी बादली भरली तशी पुन्हा कधी भरली नाही. माणूस हसत असला की त्याचा हात खिशात लवकर जातो.

सात गोल झाले. नाश्त्याचा मान आमचा होता. मी स्वतः प्लेट घेऊन त्याच्याकडे गेलो, तर त्याला वडा तोंडापर्यंत नेता येईना. मान खाली घालून तो वड्यापर्यंत पोचला. "भारी हाय वडा, काका," म्हणाला.

नंतरचं सगळं मी पनवेलात बसून ऐकलं. गावात कोणी म्हणालं, तो पिऊन उभा होता. तो तर थेंबाला शिवत नाही. कोणी म्हणालं, वय झालं. टॉवरमधल्या एका पोराने त्या सामन्याचा व्हिडिओ काढला होता, त्याला गाणं लावलं, आणि तो फोनाफोनांतून फिरला. पुढच्या मोसमात गोलमध्ये नवा मुलगा आला. जुना नुसता बघायला आला, तर त्याच्या मागे एकदोन वेळा आरडाओरडा झाला, "आरं चालन, जागा दे!" तेव्हापासून तो मैदानावर आलाच नाही. आमचा कोच मात्र मोठा झाला. 'उंच चेंडूंचं तंत्र' या विषयावर त्याने तीन शाळांत भाषणं दिली.

मी सांगणार होतो. दर महिन्याला सांगणार होतो. एकदा त्याच्या विटांच्या आवारात गेलो आणि म्हणालो, "त्या हळदीच्या वेळचं एक बोलायचं होतं."

"मटन तिखट झालता ना?" तो म्हणाला. "मना समजला. मी भावोजीला बोललो पन होतो."

मी म्हणालो, "नाही, तिखट नव्हतं." आणि चहा पिऊन परत आलो.

मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर सांगितला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर दाराची बेल वाजली तर हा उभा, खांद्यावर वॉकर घेऊन.

"मॅचच्या पैशातला सामान ठेवतात त्या केंद्रातून घेऊन आलो. विकत कशाला घेतां? आपल्याच मॅचचा हाय, काका. सात गोलवाल्या." आणि स्वतःच मोठ्याने हसला.

तीन महिने घरात त्या वॉकरची टक-टक चालू होती. बायको त्याच्या आधाराने बाल्कनीपर्यंत जायची आणि दर वेळी म्हणायची, "किती भला मुलगा हो!" मी पेपर जरा वर धरायचो.

यंदा गणपतीनंतर मी पुन्हा त्याच्या आवारात गेलो होतो. तो मुद्द्याचं बोलायचं असलं की आधी इकडचं तिकडचं बोलतो, तसं बोलला. मग म्हणाला, "गावात लहान पोरांची टीम काढतायत. बारा वर्षांखालची. मी गावकीला बोललो, गोलकीपरची पोरा माझ्याकडं द्या. पैसे नको, काय नको. सकालचा टाईम हाय माझ्याकडं."

"मग?"

"बोलले, तू काय शिकवनार? सात खायला?" तो हसला. मग उठला आणि नीट रचलेल्या विटा एका थप्पीवरून उचलून शेजारच्या थप्पीवर ठेवायला लागला. कामगार बघत राहिले. त्या विटांना तिकडे जायची काही गरज नव्हती.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पत्रिका, तारीख, मैदान मिळत नव्हतं ते, मिळत होतं ते.

"म्हणजे त्याने आणलेला वॉकर मी तीन महिने वापरला," ती म्हणाली, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तसं मी एकदोनदा..."

"गावकी कधी बसते त्यांची?"

"रविवारी."

"मग रविवारी जा. मी जेवायला थांबणार नाही."

गावकी देवळाशेजारच्या समाजमंदिरात बसते. चारही बाजूंनी टॉवर इतके उंच की दुपारी चारलाच तिथे सावली येते. अध्यक्ष म्हणजे गोलकीपरचे भावोजी, ज्यांच्या मुलाची ती हळद होती. घराला तीन मजले, गळ्यात बोटाएवढी साखळी, आवाज मांडवातला. त्यांची बायको, म्हणजे गोलकीपरची बहीण, बायकांच्या बाजूला बसली होती. गोलकीपर मागे, दारापाशी.

मी उभा राहून सांगितलं. काही लपवलं नाही. दोनदा जेवलो तेसुद्धा सांगितलं. शेवटी म्हणालो, "त्या सात गोलांत याची चूक नाही. रात्रभर भाच्याला खांद्यावर घेऊन नाचलेल्या माणसाचे हात वर जातीलच कसे? मी तो दिवस मुद्दाम निवडला. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरं त्याच्याकडे द्या."

मी खाली बसलो. मला वाटलं होतं लोक माझ्यावर ओरडतील, मग निवळतील, मग कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवेल. प्रवासात मी हे सगळं मनाशी बघून घेतलं होतं.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हंजे तुमी बोलतांव, आमच्या हलदीनं आमाला हरवला?"

"तसं नाही..."

"माझ्या पोराच्या हलदीत आमी दमलो?"

एका म्हाताऱ्याने काठी आपटली. "एक रात नाचून आमी दमतो व्हय? आमचे बाप रातभर मिठागरात राबून सकाली शेतावर जायचे!"

"पनवेलकर दमतात," मागून कोणीतरी म्हणालं. "जिना चढून."

"दोनदा जेवला ना हा? आनि वर आमच्याच हलदीला नाव ठेवतो!"

"मटन कसा होता ते तरी सांगा, काका!"

"चांगलं होतं," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्याने काही फायदा झाला नाही.

गलका वाढत गेला तसं माझ्या लक्षात आलं की मी त्याला सोडवायला आलो आणि आणखी अडकवलं. कारण हळदीने कोणी दमलंच नसेल, तर सात गोल उरतात ते त्याच्या एकट्याच्या पदरात. मी शेवटचा उपाय म्हणून दाराकडे वळलो. "अरे, तूच सांग यांना. तुझे हात वर जात नव्हते की नाही?"

तो उठला. त्याने एकदा बहिणीकडे बघितलं.

"मी दमलो नव्हतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. भाच्याला नाचवून मामा दमला, हे तो बहिणीसमोर कसं म्हणणार? बहिणीने पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते मला तिथून कळलं नाही.

अध्यक्षांनी हात वर केला. "आयका. गेल्या साली आमी एका गोलनं हरलो. म्हंजे यंदा तारीख आमची. माझ्या भाच्याचा लगीन हाय तुलशीच्या लगनानंतर. त्याच्या हलदीच्या दुसऱ्या दिवशी सकाली मॅच, आपल्या गावच्या मैदानात. आनि पनवेलकरांची पन टीम येल हलदीला, सगली. रातभर. मंग बघू कोन दमतो."

"पन आपला किपरच नवरा हाय," एकाने आठवण करून दिली. हा अध्यक्षांचा भाचा म्हणजेच गावाचा नवा गोलकीपर. त्याचे दोन नाद, व्यायामशाळा आणि बिर्याणी. दोन्ही अंगावर दिसायचे.

अध्यक्षांनी दाराकडे न बघता हात झटकला. "मंग त्या दिवशी जुना उभा राहील. आजून कोन हाय? सात खाल्ले तं खाल्ले."

आमच्या क्लबात तर मला पाणीही कोणी विचारलं नाही. कोच म्हणाला, "काका, तुमच्या पत्रिकेमुळे नाही जिंकलो आपण, माझ्या तंत्रामुळे जिंकलो." कॅप्टन म्हणाला, "तुमच्या मनात होतं तर मनात ठेवायचं ना! आता रात्रभर नाचून मॅच कोण खेळणार?" आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी तारखेचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मी ते आनंदाने दिलं. माझी कबुली दोन्ही गावांना नको होती. ती मी परत घरी आणली.

हळदीच्या संध्याकाळी मी बायकोला घेऊन गेलो. आमची पोरं नवे शर्ट घालून एका कोपऱ्यात उभी होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात उभी राहतात तशी. अध्यक्ष नवऱ्याचे मामा होते, त्यांच्या डोक्याला फेटा होता आणि अंगात उत्साह होता. बेंजो सुरू झाला, त्यांनी त्या भरदार भाच्याला एका झटक्यात खांद्यावर घेतलं, आणि मांडवात आरोळी उठली. मी मनात म्हटलं, हा माणूस मला खोटं ठरवणार.

आम्ही निघताना गोलकीपरची बहीण बेंजोवाल्यांजवळ उभी दिसली. हातात त्यांच्यासाठी सरबताचा ट्रे. तिने माझ्या बायकोला जवळ घेतलं, गुडघ्याची चौकशी केली, आणि मग बेंजोवाल्यांकडे वळून म्हणाली, "मामा थांबवा बोलल तरी थांबवायचा नाय. मी सांगतंय."

सकाळी मैदानाभोवती गर्दी होती, टॉवरांच्या बाल्कन्यांतही होती. तिथे बादली पोचत नाही, म्हणून ती माणसं सगळ्यात जास्त ओरडतात. आमचा संघ आला. तो सगळा पिवळा होता, आणि आमच्या कॅप्टनच्या पायात दोन वेगवेगळे बूट होते. रात्री त्याला दोन तास कोणी खाली बसू दिलं नव्हतं, असं तो मला सांगत होता. सांगता सांगता तो डगआउटच्या बाकावर आडवा झाला.

सामन्याआधी पाहुण्यांचा सत्कार असतो. प्रमुख पाहुणे म्हणून पनवेलचे एक हाडांचे डॉक्टर आणले होते, चांगले सहा फूट उंच. माइकवाल्याने पुकारलं, "आता आपले अध्यक्ष पाहुण्यांना हार घालतील."

अध्यक्षांनी हार हातात घेतला. हार छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी पुन्हा जोर केला. दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. हार डॉक्टरांच्या पोटापाशी थरथरत राहिला. डॉक्टर सभ्य माणूस, ते वाकले. पण हार त्यांच्या नाकाला लागला आणि परत खाली गेला.

"खांदा कधीपासून दुखतोय?" डॉक्टरांनी विचारलं. माइक जवळच होता, सगळ्या मैदानाने ऐकलं.

"नाय दुखत."

डॉक्टरांना राहवलं नसावं. त्यांनी अध्यक्षांचं मनगट धरलं आणि हात अलगद वर उचलला. अध्यक्षांनी जी किंकाळी मारली ती पहिल्या टॉवरवरून दुसऱ्यावर जाऊन परत आली.

मग गर्दीतून एक आवाज आला: "अध्यक्ष, वरचा बॉल!"

त्यानंतर मैदान जे हसलं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. म्हातारे हसले, बायका हसल्या, काठी आपटणारा तो म्हातारा काठीच्या आधाराने हसला. बादलीवाला संधी साधून धावत सुटला. अध्यक्ष लाल झाले, हार तसाच हातात. मग त्यांनी गोलपोस्टकडे बघितलं. गोलकीपर तिथे हातमोजे घालत उभा होता आणि तो एकटाच हसत नव्हता.

"आरं ये ना इकडं," अध्यक्ष ओरडले. "बघत काय ऱ्हायलास? घाल हार."

तो आला, त्याने हार घेतला आणि त्या लांब हातांनी डॉक्टरांच्या गळ्यात सहज घातला. काही बोलला नाही. बोलला असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आमची पोरं धावत होती, पण आपण कुठे धावतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या कोचने सवयीने एकदा आरोळी ठोकली, "वरून टाका!" आणि कोणीतरी टाकला, गोलकीपरने तो दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला आणि कोचकडे बघून त्याला नमस्कार केला. गाव दोन गोलनी जिंकलं. गावाने त्याचा अर्थ असा लावला की हळदीने गाव दमत नाही. अध्यक्षांच्या खांद्याचा अर्थ कोणी मोठ्याने लावला नाही, पण दोन्ही गोष्टी त्या दिवशी एकत्र खऱ्या झाल्या आणि कोणाला काही अडचण वाटली नाही.

नाश्ता चालू असताना अध्यक्ष गोलकीपरजवळ आले. बायकोने त्यांचा हात ओढणीने गळ्यात बांधून दिला होता.

"सोमवारपासून पोरांना घे," ते म्हणाले. "माझा खांदा दुखतो म्हनून नाय सांगत. दुसरा कोन मोकला नाय."

"बरा," तो म्हणाला. "सहाला आनायला सांगा. उशीर केला तं परत पाठवीन."

मी प्लेट घेऊन बाजूला उभा होतो. तो माझ्याकडे आला. मी म्हणालो, "मी हे सगळं लिहून ठेवणार आहे. सातही गोल माझ्यामुळे झाले, असं स्पष्ट लिहिणार आहे."

त्याचा चेहरा एकदम बदलला. चार वर्षांत मी त्याला माझ्यावर चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते आता पाहिलं.

"सात नाय, काका. पाच. जे वरून आलते ते पाच तुमच्या तारखेचे. चौथा आनि सहावा खालून आलता, जमिनीवरून. त्याला हात वर कशाला लागतात? चौथ्याला मी पाय चुकीचा टाकला, सहाव्याला मी डाईव लवकर मारली. ते माझे हाईत. लिवतां तं बरोबर लिवा."

"पण तू दमला होतास..."

"मी दमलो नव्हतो," तो म्हणाला, आणि आता मात्र हसला.

तर हे बरोबर लिहिलेलं आहे. सोमवारी मी सहाला गेलो, नुसतं बघायला. नऊ पोरं होती. तो त्यांना चौथा गोल कसा खाल्ला ते दाखवत होता, पाय कुठे होता, कुठे हवा होता. एक पोरगं बॉल जमिनीवरून मारत होतं, हा पुन्हा पुन्हा चुकीच्या बाजूला पडत होता, आणि बाकीची पोरं हसून हसून चूक कोणती ते ओरडून सांगत होती. मग एकाने फार जोरात मारला आणि बॉल टॉवरच्या भिंतीपलीकडे गेला.

"काका, तुमी जा," तो मला म्हणाला. "तो वॉचमन पोरांना देत नाय. तुमाला देल, तुमी सायेब दिसतां."

वॉचमनने मला वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि कामाचं कारण लिहायला लावलं. फ्लॅट नंबर नाही म्हटल्यावर त्याने फोन लावला. मी गेटवर उभा होतो आणि भिंतीपलीकडून ते ओरडत होते, "काकाऽऽ, झाला काय?"